अन्नपूर्णेच्या वळणावर

नाताळचा सोहळा पार पडला आणि गोठा पाहावयास येणाऱ्या मुलाबाळांची वर्दळ ओसरली, की आम्हा धर्मगुरूंच्या वाट्यास चार मोकळे दिवस येतात. २०२४ च्या डिसेंबरात हे दिवस मी इंदूर शहरी घालविले. वास्तविक मला विश्रांतीची ओढ होती. परंतु थोरल्या बहिणीचा निरोप आला होता व तो टाळण्यासारखा नव्हता.

"पोर बेचाळीस किलोमीटर धावावयाचे म्हणते आहे. माझे ऐकत नाही. तू मामा आहेस, त्यातून धर्मगुरू आहेस. येऊन दोन शब्द सांग," इतकेच ती फोनवर बोलली आणि गप्प झाली.

त्या गप्प होण्यामागे काय होते ते मला ठाऊक होते. तीस वर्षांपूर्वी माझे मेहुणे एका सकाळी घराच्या अंगणात कोसळले, ते उठलेच नाहीत. हृदयविकार होता असे मागाहून कळले. त्यांचे वय तेव्हा बेचाळीस होते. मुलगा अकरा वर्षांचा होता. तो मुलगा आज एकेचाळीस वर्षांचा आहे. नोकरीनिमित्त तो इंदुरात स्थायिक झाला आणि आपली आई, बायको व दोन मुले यांच्यासह अन्नपूर्णा या भागात राहतो. बेचाळीस हा आकडाच ताईला नकोसा झाला आहे. वर्षांचा असो की किलोमीटरचा, तिच्या लेखी तो एकच!

बोरिवलीस संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडली. गुजरात झोपेत सरला. उजाडता उजाडता खिडकीबाहेर माळव्याची काळी जमीन दिसू लागली. गहू हिरवा होता, हरभरा भरात होता. आमच्या वसईच्या दमट हवेची सवय असलेल्या अंगाला तेथील कोरडी थंडी पहिल्या क्षणीच बोचली. उज्जैन गेले, देवास गेले आणि गाडी इंदुरास लागली. भाचा स्थानकावर उभा होता. पूर्वी त्याचे पोट सदऱ्याच्या बाहेर डोकावत असे. ते आता कोठे गेले होते कोणास ठाऊक. "फादरमामा, आईने तुम्हांला कशासाठी बोलाविले ते मला माहीत आहे," तो हसत म्हणाला. मी काही बोललो नाही.

अन्नपूर्णा हा इंदूरच्या पश्चिम अंगाचा भाग आहे. अन्नपूर्णा देवीच्या मंदिरावरून त्यास हे नाव पडले. मंदिर तसे जुने नव्हे, १९५९ सालचे. पण त्याच्या प्रवेशद्वारी दगडी हत्तींच्या अशा भव्य मूर्ती आहेत की नवखा माणूस थबकतोच. दक्षिणेकडील मंदिरांची आठवण व्हावी असे त्याचे एकंदर रूप आहे. मंदिरावरून रस्त्यास नाव, रस्त्यावरून वस्तीस नाव. जवळच दसरा मैदान आहे. पुढे महू नाका, आणि तेथून फार लांब नाही असा होळकरांचा लालबाग राजवाडा. १८८६ मध्ये बांधावयास घेतलेला हा वाडा १९२१ मध्ये पुरा झाला; त्याचे लोखंडी दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजांच्या नमुन्यावर विलायतेत ओतवून आणले आहेत. राजेरजवाडे गेले; आज त्या बाजूच्या रस्त्यांवर पहाटे फिरावयास निघालेले पेन्शनर आणि कानटोप्या घातलेल्या आज्या भेटतात.

इंदुरात मराठी माणूस परका नाही. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदुरास आली. त्यांच्यामागोमाग कारकून, शिलेदार, भटजी, वैद्य, गवई अशी कितीतरी घराणी येथे रुजली. भाच्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू अशाच एका घराण्यातल्या. त्यांच्या मराठीत हिंदीची साखर मधूनमधून पडते. पण संक्रांतीचे वाण आणि चैत्रातली कैरीची डाळ यांत खंड पडलेला नाही. मी आलो हे कळताच त्या पोह्यांची बशी घेऊन खाली उतरल्या. वर शेव, जिरावण मसाला आणि बाजूस गरम जिलबी. "फादर, इंदुरात कोणी उपाशी बोलत नाही, आधी खा," त्या म्हणाल्या. मी मंदिराबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी अन्नपूर्णेची कथा सांगितली. काशीत साक्षात शंकरालाही हातात पात्र घेऊन तिच्यापुढे अन्नासाठी उभे राहावे लागले, अशी ती कथा. "देव झाला तरी हात पुढे करावाच लागतो," असे म्हणून त्या वर निघून गेल्या. हे वाक्य पुढे मला उपयोगी पडणार होते.

रात्री जेवणे झाल्यावर विषय निघाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली होती आणि तिच्यातील प्रत्येक रविवारी सूनबाईंनी लाल शाईने एकेक आकडा लिहिला होता: सोळा, एकोणीस, बावीस, पुन्हा सोळा, पंचवीस, अठ्ठावीस, पुन्हा वीस. २९ डिसेंबरच्या चौकटीत बत्तीस होते आणि १९ जानेवारीच्या चौकटीत बेचाळीस. मधूनमधून आकडा खाली का येतो असे मी विचारले. सूनबाई म्हणाल्या, "फादर, शरीराला चढवावयाचे तर मधूनमधून उतरवावे लागते. वाढ श्रमाने होत नाही, श्रमानंतरच्या विश्रांतीत होते." ही विद्या त्यांनी नवऱ्यासाठी पुस्तके वाचून मिळविली होती.

भाच्याची हकिकत सरळ होती. दोन वर्षांपूर्वी कचेरीतल्या तपासणीत रक्तातील साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चालावयास सांगितले. अन्नपूर्णा रस्त्यावर तो चालू लागला. सहा महिन्यांनी चालता चालता धावू लागला. एक निवृत्त शिक्षक आणि दोन तरुण शेजारी सोबतीस मिळाले. लांबची शर्यत धावण्याचा विचार मनात आला तेव्हा प्रथम तो हृदयाच्या डॉक्टरांकडे गेला, फिरत्या पट्ट्यावर धावून परीक्षा दिली आणि वडिलांचा सर्व इतिहास सांगितला. डॉक्टरांनी संमती दिली, काही अटी घातल्या. तो म्हणाला, "मामा, बाबा धावत नव्हते म्हणून गेले असे मी म्हणत नाही. पण तीस वर्षे मी त्यांच्या वयाकडे पाहत बसलो आहे. बसून पाहिले की भीती वाढते. चालू लागलो तेव्हा ती पहिल्यांदा थोडी मागे पडली."

डॉक्टरांनी त्याला एका अभ्यासाची माहिती दिली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन अभ्यासात दहा वर्षांतील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावणारे सुमारे १ कोटी ९ लाख लोक मोजले होते. त्यांपैकी ५९ जणांचे हृदय धावताना वा धाव संपताच बंद पडले. म्हणजे लाखामागे एकही नव्हे. भाच्याने हा आकडा आईस मोठ्या आशेने सांगितला.

ताई भांडी पुसत होती. ती मागे न वळता म्हणाली, "त्या एकोणसाठांना आया नव्हत्या का?"

यावर कोणास काही बोलता आले नाही. मलाही नाही. धर्मशास्त्राची इतकी वर्षे शिकलेली पुस्तके त्या एका प्रश्नापुढे मिटली गेली.

वाचकांपैकी पुष्कळांना मॅरेथॉन हा शब्द ठाऊक असेल. ही शर्यत बेचाळीस किलोमीटरांचीच का, हे कदाचित ठाऊक नसेल. ग्रीस देशातील मॅरेथॉनच्या मैदानावर इसवी सनापूर्वी ४९० मध्ये लढाई झाली. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला व वार्ता सांगून गतप्राण झाला, अशी दंतकथा आहे. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरले, त्या वेळी या कथेच्या स्मरणार्थ सुमारे चाळीस किलोमीटरांची शर्यत ठेविली गेली. १९०८ मध्ये लंडनला ती विंडसर राजवाड्यापासून सुरू करून मैदानात राजघराण्याच्या आसनापुढे संपवावयाची होती. ते अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर भरले, आणि १९२१ मध्ये तेच कायम झाले.

त्याच लंडनच्या शर्यतीत एक प्रसंग घडला. डोरांडो पिएत्री नावाचा इटलीतील एक मिठाईवाला सर्वांच्या पुढे मैदानात शिरला. पण त्याचे भान हरपले होते. तो उलट दिशेस वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. पाहणाऱ्यांना राहवले नाही. पंचांनी धावत जाऊन त्यास उचलले आणि आधार देऊन शेवटच्या रेषेपार नेले. तो पहिला आला आणि बाद ठरला. कारण तो स्वतःच्या पायांनी पोहोचला नव्हता. राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी त्यास एक चषक दिला, परंतु पदक दुसऱ्याचे झाले. ज्यांनी त्यास उचलले त्यांच्या मनात दयाच होती. त्याच दयेने त्याची शर्यत संपविली.

आपल्याकडील उदाहरण याहून निराळे आहे. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना दोराबजी टाटांच्या ध्यानात आले की, शेतावरून आलेली ही अनवाणी माणसे ज्या वेळात लांबचे अंतर कापतात तो युरोपातल्या धावपटूंच्या वेळापासून फार दूर नाही. त्यांनी पैसा उभा करण्यात पुढाकार घेतला, आणि १९२० मध्ये एक लहानसे पथक बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले त्यात होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक असे जादा अंतर असलेली मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. टाटांनी त्यांना बोटीवर चढविले. पण धावले ते चौगुलेच. साहाय्य कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे कळते. आईबापांना तर ते दररोज कळून घ्यावे लागते.

२९ डिसेंबर हा पवित्र कुटुंबाच्या सणाचा रविवार होता. मिस्सा दहाला होती. पहाटे साडेचारला मी उठलो तो स्वयंपाकघरात दिवा लागलेला. ताई उकडलेल्या बटाट्यांच्या फोडींना मीठ लावीत होती. बाजूस गुळाचे खडे, सोललेली केळी, आणि तांब्यात लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी. "तू येणार ना खाली?" मी विचारले. "मी कशाला येऊ? मला पाहवत नाही," ती म्हणाली. पण बटाटे तिने दोनदा चाखून पाहिले, मीठ पुरते आहे की नाही म्हणून.

बत्तीस किलोमीटर म्हणजे आठ किलोमीटरांचे चार फेरे. मंदिरापासून दसरा मैदानावरून महू नाक्याकडे, लालबागेच्या अंगाने वळून पुन्हा मागे, आणि वस्तीतल्या रस्त्यांनी घराजवळच्या वळणावर. हा मार्ग मुद्दाम असा आखला होता की, दर फेऱ्यास घरची माणसे एकदा दिसावीत. पाच वाजता चौघे निघाले. शिक्षक आता धावत नाहीत, ते सायकलवर होते. धुके पडले होते. रस्ते रात्रीच झाडून झालेले; २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळविणाऱ्या या शहरात झाडूवाल्या बायका भल्या पहाटे घरी परतताना दिसतात. त्यांतील एकीने धावणाऱ्यांस पाहून झाडू उंच केला.

वळणावर आम्ही चटई अंथरून दुकान मांडले. भाच्याची नऊ वर्षांची मुलगी खडू घेऊन फरशीवर रेघा ओढण्यास बसली. फेरा झाला की एक रेघ. पहिली रेघ सहाच्या आत पडली. भाचा हसत आला, पाण्याचे दोन घोट घेतले आणि गेला. दुसरा फेरा सात वाजण्यापूर्वी. या वेळी काकू शाल गुंडाळून वरून खाली आल्या होत्या. त्यांनी केळे पुढे केले. त्याने अर्धे घेतले. सूनबाई घड्याळ पाहून वहीत लिहीत होत्या. पाणी फार दिले तरी वाईट, मिठाविना दिले तरी वाईट, असे त्या मला समजावीत होत्या. शरीरात साठवलेली साखर, जिला शास्त्रात ग्लायकोजेन म्हणतात, ती पुष्कळांना तीस किलोमीटरच्या सुमारास संपत येते; तेथे पाय शिसे होतात आणि मन माणसास थांब म्हणू लागते. म्हणून खावयाचे ते भूक लागण्यापूर्वी, थोडे थोडे, आणि सरावातच पोटास त्याची सवय लावावयाची.

सूर्य वर आला. धुके विरू लागले. तिसऱ्या फेऱ्याची वेळ होत आली आणि भाचा दिसेना. दोघे तरुण येऊन थांबले. त्यांचा सराव तेवढाच होता. "मागे आहे, पायात गोळा आला होता," ते म्हणाले. सूनबाईंचे लिहिणे थांबले. मुलीने खडू हातात घट्ट धरला. मी धर्मगुरू, दुसऱ्यांस धीर देणे हे माझे काम. परंतु खरे सांगतो, त्या पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढे तीस वर्षांपूर्वीचे अंगण होते.

इतक्यात मागून चपलांचा आवाज आला. ताई खाली उतरली होती. तिच्या हातात पितळी पेला होता. ती आमच्यापाशी थांबली नाही. सरळ वळणाच्या टोकाशी, जेथून रस्ता लांबवर दिसतो तेथे, जाऊन उभी राहिली.

तो आला. सायकल त्याच्या बाजूने हळूहळू चालत होती. चेहरा पांढरा पडला होता, ओठांवर मीठ सुकले होते. आईस पाहून तो चकित होऊन उभाच राहिला आणि न बोलता हात पुढे केला. मला वाटले, आता ही त्याचा हात धरील आणि म्हणेल, पुरे झाले, घरी चल. म्हणाली असती तर तो आला असता. त्याच्या पायांना तेच हवे होते. ताईने पेला त्याच्या हातात दिला, तो पिऊन होईपर्यंत त्याच्या छातीकडे पाहत राहिली, आणि रिकामा पेला परत घेतला.

"दुखते कोठे?"

"पोटरीत."

"छातीत?"

"नाही, आई."

"उरले किती?"

"आठ."

"मग उभा का राहिलास? सावकाश जा."

तो गेला. वळणाआड होईपर्यंत ती पाहत उभी होती. मग पदराने पेला पुसत माझ्याकडे येऊन म्हणाली, "तू काही सांगणार होतास ना त्याला?" मी म्हणालो, "ताई, सांगावयाचे ते तूच सांगितलेस." चौथी रेघ नवास दहा मिनिटे कमी असताना पडली, आणि दहाच्या मिस्सेला आम्ही सर्व जण वेळेवर पोहोचलो. भाचा मात्र गुडघे टेकू शकला नाही, ते देवाने समजून घेतले असेल.

१९ जानेवारी २०२५ च्या मुंबई मॅरेथॉनविषयी मी थोडक्यातच लिहितो. २००४ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीची ती विसावी खेप. पहाटेच्या काळोखात ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटली, समुद्रावरच्या पुलावरून वांद्र्यास गेली आणि माहीमवरून परत फिरली. परतताना, पाय थकल्यावर, पेडर रोडचा चढ समोर येत होता. ताईने उभे राहण्यास तोच चढ निवडला. इंदूरहून तोच पितळी पेला तिने पिशवीत घालून आणला होता. भोवती अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मिठाच्या पुड्या घेऊन उभी होती आणि धावणाऱ्यांच्या छातीवरील नावे वाचून त्यांना हाका मारीत होती. एकेका धावणाऱ्यासाठी अख्खे शहर मामा, मावशी, काकू होऊन उभे राहिलेले मी त्या दिवशी पाहिले. भाचा पाच तासांस काही मिनिटे कमी असताना पोहोचला. त्याच्या पुढे हजारो होते, मागेही हजारो.

संत पौलाने श्रद्धेच्या जीवनास शर्यतीची उपमा दिली आहे, हे आपण मिस्सेत ऐकतो. त्याच्या काळी करिंथ नगराजवळ मोठे क्रीडासामने भरत. ते पाहिलेल्या लोकांसाठी तो लिहीत होता. ही उपमा मी प्रवचनातून कितीदा तरी वापरली असेन. पण माझ्या डोळ्यांपुढे नेहमी एकटाच धावणारा माणूस असे. अन्नपूर्णेच्या वळणावर उभा राहिल्यापासून त्या चित्रात रस्त्याच्या कडेची माणसेही येऊ लागली आहेत. उकडलेले बटाटे आले आहेत, खडूच्या रेघा आल्या आहेत.

आपल्या वसईतही २०११ पासून मॅरेथॉन सुरू झाली. शर्यतीच्या दिवशी आपली पोरे रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या देतात. पुढच्या खेपेस थोरांनीही उभे राहावे. आपल्या घरातले कोणी धावत नसले तरी उभे राहावे. कोणाचा तरी हात पुढे येईल, त्यात पाण्याचा पेला द्यावा आणि मागे सरावे.

पदक कोठे ठेविले असे मी मागाहून फोनवर विचारले. ताईने ते स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या खिळ्यास टांगले आहे म्हणे. नव्या दिनदर्शिकेत लाल आकडे अजून पडलेले नव्हते. पण पोह्यांच्या डब्यामागे पितळी पेला घासून ठेविला आहे, असे तिने आपण होऊनच सांगितले.